बर्फाच्या मुलखातले अंजीर आणि पुरंदरचा ताण

परवा रात्री पारा उणे तीनवर उतरला आणि सकाळी आमच्या परसातल्या अंजिराची उरलीसुरली पाने काळी पडून ओल्या चिंध्यांसारखी लोंबत होती. शिकागोच्या पश्चिमेकडील या उपनगरात आम्ही २०१० पासून राहतो आणि दरवर्षी याच सुमाराला घरी आलेले कोणी ना कोणी मला विचारते, की एवढ्या थंडीत अंजीर जगते तरी कसे. विचारणारे बहुतेक आपलेच लोक असतात. अंजीर म्हटले की त्यांच्या डोळ्यांसमोर सासवड, दिवे घाट आणि रस्त्याच्या कडेला टोपलीत हिरव्या पानांवर मांडलेली जांभळट फळे उभी राहतात, त्यामुळे त्यांचे आश्चर्य मला समजते. तरीही या प्रश्नाचे नेमके उत्तर द्यायचे, तर आधी प्रश्नच थोडा बदलावा लागतो. अंजिराचे झाड थंडीतून जगवणे फारसे अवघड नाही. त्याला फळ पिकवण्याइतका उन्हाळा मिळवून देणे अवघड आहे. या परसात मी जे काही शिकले, ते सगळे त्या उन्हाळ्याचे दिवस वाचवण्यासाठी शिकले.

माझे आजोळ पुरंदर तालुक्यातले. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण आमच्या मामांच्या बागेला त्याच्या कितीतरी आधीपासून अंजिराखेरीज दुसरी ओळख नव्हती. तिथे वर्षातून दोन बहार धरता येतात. खट्टा बहार थंडीच्या दिवसांत निघतो आणि मीठा बहार उन्हाळ्यात. चव आणि भाव या दोन्ही बाबतींत मीठा बहार वरचढ. बहार धरण्याआधी बागेला ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी तोडावे लागते. झाड पाने गाळते, फांद्या उघड्या पडतात, मग छाटणी होते, आळी खणून शेणखत घातले जाते आणि पुन्हा पाणी सोडले, की डोळे फुटतात. लहानपणी सुटीत गेल्यावर ती निष्पर्ण बाग मला वाळून गेलेलीच वाटायची. इथल्या पहिल्या हिवाळ्यात माझे झाड तसेच उघडे पडले, तेव्हा मी घाबरून मामांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, “अगं पोरी, झाडाला झोप लागली तर घाबरायचं कशाला? आम्ही पाणी तोडून झोपवतो, तुझ्याकडे थंडी झोपवते. झोप मोडली तर फोन कर.” थंड प्रदेशातल्या अंजिराबद्दल मी नंतर बरेच वाचले, परंतु इतके मर्मावर बोट ठेवणारे वाक्य मला पुन्हा आढळले नाही. विश्रांती हा अंजिराचा स्वभावच आहे. पुरंदरात ती माणसाने द्यायची असते, इथे ती आपोआप मिळते आणि माणसाने तिची फक्त राखण करायची असते.

ही राखण का करावी लागते, ते आकड्यांवरून कळते. चांगले झोपलेले, चार-पाच वर्षांचे जून खोड साधारणपणे उणे दहा ते उणे बारा अंश सेल्सियसपर्यंतची थंडी सोसते. कोवळी काडी त्याआधीच जळते. शिकागोला ६ जानेवारी २०१४ रोजी तापमान उणे २७ च्या आसपास गेले होते आणि ३० जानेवारी २०१९ रोजी ओहेर विमानतळावर उणे ३०.६ अंशांची नोंद झाली. अशा रात्री उघडे खोड वाचण्याचा प्रश्नच नसतो. मात्र मुळांची गोष्ट वेगळी आहे. जमीन उशिरा गार होते, वरच्या बर्फाची तिला दुलई मिळते, आणि वीतभर खाली गेले की थंडीची धार बोथट होते. म्हणूनच खोड जमिनीपर्यंत मेले तरी मे महिन्याच्या अखेरीस बुडातून नवे कोंब बाहेर पडतात आणि झाड वाचले म्हणून आपल्याला आनंद होतो.

तो आनंद पुरता नसतो, हे मला २०१४ साली कळले. आदल्या वर्षी लावलेले माझे झाड त्या जानेवारीत वरून पूर्ण मेले आणि जूनमध्ये बुडापासून इतक्या जोमाने फुटले, की ऑगस्टपर्यंत ते माझ्या डोक्याच्या वर गेले. फळेही लागली. प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक, अशी मी तेव्हा अठ्ठावन्न फळे मोजली होती. परंतु ती दिसू लागली तीच ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. वाटाण्याएवढे फळ दिसल्यापासून ते पिकेपर्यंत वाणानुसार साधारण ७५ ते १०० दिवस लागतात, आणि आमच्याकडे पहिली गोठणारी रात्र ऑक्टोबरच्या मध्याच्या आगेमागे येते. हिशेब सरळ आहे. फळ जुलैच्या पहिल्या आठवड्यात दिसायला हवे. त्या वर्षी अठ्ठावन्नपैकी एकही फळ पिकले नाही. सगळी हिरवी, टणक फळे एका रात्रीत गोठली आणि सकाळी उकडलेल्या वांग्यासारखी मऊ होऊन गळून पडली. झाड जगले आणि पीक बुडाले, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मी त्या दिवसापासून विसरलेले नाही.

हिवाळ्यात खोड वाचवायचे ते यासाठी. जिवंत खोडावरचे डोळे एप्रिल-मेमध्येच फुटतात आणि बुडातून येणाऱ्या कोंबांपेक्षा तीन-चार आठवडे पुढे असतात. आमच्या हवामानात ते तीन-चार आठवडे म्हणजेच पीक.

हे मला शिकवले ते पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या एका इटालियन आजोबांनी. ते मूळचे कालाब्रियाचे. दक्षिण इटलीतून आलेल्या लोकांनी न्यूयॉर्क, न्यू जर्सी, टोरांटो, शिकागो असे जिथे बिऱ्हाड केले, तिथे अंजिराची काडी सोबत नेली आणि थंडीत ते झाड झोपवण्याची रीतही रुजवली. झाड झोपवणे इथे अगदी शब्दशः घ्यायचे. नोव्हेंबरच्या शेवटी, पाने गळून गेल्यावर, आजोबा फांद्या एकत्र ओढून सुतळीने उसाच्या मोळीसारख्या बांधत. झाडाच्या एका बाजूला त्याच्या उंचीएवढा लांब आणि सुमारे दोन फूट खोल चर खणत. मग विरुद्ध बाजूची मुळे फावड्याने कापत, पण डाव्या-उजव्या बाजूच्या मुळांना हात लावत नसत, कारण झाड वळते ते त्या मुळांच्या बिजागरीवर. नंतर दोघांनी मिळून खोडाला हळूहळू रेटा द्यायचा. मुळे करकरतात, माती फुगून वर येते, आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसाला आधार देऊन अंथरुणावर आडवे करावे तसे ते झाड चरात उतरते. त्यावर फळ्या, फळ्यांवर कोरडा पालापाचोळा, त्यावर माती आणि सर्वांत वर पाणी आत शिरू नये म्हणून ताडपत्री. एप्रिलच्या मध्यावर, ऊन नसलेला दिवस पाहून, हेच सगळे उलट क्रमाने करायचे. ढगाळ दिवस यासाठी, की चार महिने अंधारात राहिलेली साल पहिल्याच उन्हात भाजते.

२०१९ च्या जानेवारीत या रीतीची परीक्षा झाली. तोवर माझ्याकडे दोन झाडे होती. एक मी आजोबांच्या मदतीने पुरले होते आणि दुसरे उभेच ठेवून गोणपाट, पाने आणि जुन्या गालिच्यात गुंडाळले होते. एप्रिलमध्ये मी दोन्हींच्या फांद्यांवर अंगठ्याच्या नखाने साल खरवडून पाहिली. जिवंत काडीत सालीखाली ओला, पोपटी हिरवा रंग दिसतो आणि खरवडलेल्या जागी क्षणात दुधासारख्या चिकाचा थेंब जमतो. मेलेल्या काडीत कोरडा तपकिरी भुसा निघतो. पुरलेल्या झाडाच्या शेंड्यापर्यंत चीक होता. गुंडाळलेल्या झाडात मात्र जमिनीपासून चार बोटांवर तो संपत होता. उभे झाड गुंडाळण्याची रीत न्यूयॉर्कच्या बाजूला, समुद्राजवळच्या सौम्य थंडीत चालते. आमच्याकडे तिच्यावर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गुंडाळण्याबद्दल आणखी एक सांगितले पाहिजे, कारण ही चूक मी स्वतः केली आहे आणि तिच्यापायी एक सुंदर झाड गमावले आहे. प्लास्टिक कधीही झाडाला चिकटून गुंडाळू नये. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात प्लास्टिकच्या आत हवा तापते, वाफ धरते, सालीवर बुरशी चढते, आणि झाडाला वसंत आला असे वाटून डोळे फुगतात. मग मार्चच्या शेवटी एखादी उणे आठची रात्र येते आणि जागे झालेले झाड मरते. झोपलेले झाड तीच रात्र सहज काढते. मामांच्या त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा नीट कळला: थंडीपेक्षा मोडलेली झोप जास्त घातक असते.

हे सगळे काही आजचे नाही. पुढे रोमचा सम्राट झालेला ज्युलियन चौथ्या शतकात हिवाळ्यासाठी पॅरिसमध्ये राहिला होता, आणि तिथले लोक थंडीत गव्हाच्या काडाचे पांघरूण घालून अंजिराची झाडे जगवतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. पॅरिसजवळच्या आर्जांतय गावचे शेतकरी एकोणिसाव्या शतकात अंजिराच्या फांद्या हिवाळ्यात मातीखाली पुरत असत आणि त्यांची फळे पॅरिसच्या बाजारात जात असत. तिकडे फळ लवकर पिकावे म्हणून फळाच्या तळच्या छिद्रावर, म्हणजे डोळ्यावर, ऑलिव्ह तेलाचा थेंब लावण्याची रीत होती. मी ती करून पाहिली आहे. फळाची आतली तयारी झालेली असेल, तरच तिचा उपयोग होतो. तेलामुळे फळात इथिलीन वायू तयार होऊन पिकण्याची क्रिया आठवडाभर आधी सुरू होते. कच्च्या फळाला तेल लावले, तर ते नुसते मऊ पडते आणि चवीला गवतासारखे लागते. सप्टेंबरच्या शेवटी, थंडी तोंडावर आली असताना, दहा-वीस फळे वाचवण्यापुरताच मी हा उपाय राखून ठेवते.

वाणाची निवड हा विषय खरे तर सर्वांत आधी यायला हवा होता. अंजिराचे फूल बाहेर दिसत नाही. उंबराचे फूल आपण दुर्मीळ म्हणतो ते याच कुळाच्या स्वभावामुळे, कारण फळ म्हणून आपण जे खातो त्याच्या आतच ती फुले दडलेली असतात. काही वाणांना परागीकरणासाठी एक अतिशय बारीक कीटक लागतो, जो डोळ्यातून आत शिरतो. तुर्कस्तानातील स्मर्ना अंजीर या प्रकारातले. कॅलिफोर्नियात १८८० च्या दशकात स्मर्नाची झाडे लावली गेली, ती वाढली, पण फळे कच्चीच गळत राहिली, आणि १८९९ मध्ये तो कीटक तिथे आणून रुजवल्यावरच फळ टिकू लागले. आमच्या थंडीत हा कीटक जगत नाही. तेव्हा इथे परागीकरणाशिवाय फळ धरणारा साधा प्रकारच लावला पाहिजे. आपले पुण्याकडचे अंजीरही याच प्रकारातले आहे. एका रोपवाटिकेने मला चुकीच्या नावाची चिठ्ठी लावलेले रोप विकले होते. मी ते चार वर्षे वाढवले आणि चारही वर्षे जुलैत त्याची अंगठ्याएवढी फळे पिवळी पडून गळून गेली. ते कीटकावर अवलंबून असलेले झाड होते, हे कळेपर्यंत मी पाणी, खत आणि माती या तिन्हींना दोष देऊन चुकले होते. थंड प्रदेशात राहणाऱ्याला चार वर्षे हा फार मोठा काळ असतो. रोप शक्यतो अशा माणसाकडून घ्यावे, ज्याच्या परसात तेच झाड फळताना आपण डोळ्यांनी पाहिले आहे.

माझ्याकडे आता मुख्यतः शिकागो हार्डी आहे. नाव शिकागोचे असले तरी हे झाड सिसिलीतील एटना पर्वताच्या बाजूच्या अंजिरांच्या गोतावळ्यातले आहे. खोड मेले तरी नव्या काडीवर लवकर फळ धरण्याचा गुण त्याच्यात आहे. चवीला मात्र त्याहून सरस फ्रान्समधले रोंद द बोर्दो. फळ सुपारीहून थोडे मोठे, पण पिकते आमच्याकडे ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात. ब्राऊन टर्की सर्वत्र मिळते, पण त्या नावाखाली इतकी वेगवेगळी झाडे विकली जातात, की मी कोणाला त्याची शिफारस करत नाही.

ज्यांच्याकडे जमीन नाही, त्यांनी कुंडीत लावावे आणि मुळीच कमीपणा मानू नये. चाळीस ते साठ लिटरची कुंडी, निचरा होणारी माती, आणि हिवाळ्यात न तापवलेले गॅरेज एवढे पुरते. गॅरेजमध्ये उणे चार ते अधिक चारच्या दरम्यान तापमान राहिले की झाड स्वस्थ झोपते. महिन्यातून एकदा तांब्याभर पाणी द्यावे; तेवढ्यानेही मुळे कोरडी पडत नाहीत. एप्रिलमध्ये कुंडी दिवसा बाहेर आणि रात्री आत अशी ने-आण करावी लागते. ती कंटाळवाणी आहे, पण त्या तीन आठवड्यांच्या कष्टाने फळ जवळजवळ महिनाभर आधी येते. दर तीन वर्षांनी कुंडीतून झाड उपसून बाजूची मुळे करवतीने कापावीत, नाहीतर मुळे एकमेकांभोवती आवळून बसतात आणि फळे लहान होत जातात.

आजोबा चार वर्षांपूर्वी गेले. मलाही आता एकटीने झाड वाकवणे झेपत नाही. म्हणून सध्या मी ज्या पद्धतीवर आहे, ती जपानमधली. तिथे अंजिराचे खोड जमिनीपासून हातभर उंचीवर दोन्ही बाजूंना आडवे वाढवतात. जपानी लिपीत एक हा आकडा आडव्या रेघेने लिहितात, त्यावरून या रचनेला इचिमोंजी म्हणतात. मी खोड आणखी खाली, जमिनीपासून वीतभर अंतरावरच ठेवले आहे. आडव्या खोडावर दर फुटाला एक उभी काडी वाढू द्यायची, तिच्यावर फळे घ्यायची, आणि पानगळीनंतर ती काडी दोन डोळ्यांवर छाटायची. हिवाळ्यात झाकायला उरते ते फक्त जमिनीलगतचे, मनगटाएवढे जाड आडवे खोड. त्यावर कोरड्या पानांचा फूटभर थर, त्यावर गोणपाट आणि वरून ताडपत्री टाकली, की तासाभरात काम होते. उंदरांची काळजी तेवढी घ्यावी लागते. पानांच्या उबेत ते घर करतात आणि साल गोलाकार कुरतडतात; एका हिवाळ्यात आडव्या खोडाची एक अख्खी बाजू त्यांनी अशी मारली. आता मी खोडाभोवती बारीक लोखंडी जाळी लावल्याशिवाय पाने टाकत नाही. छाटणीच्या दृष्टीने ही पद्धत पुरंदरच्या बागेच्या फार जवळची आहे: दरवर्षी काडी मागे आणायची आणि नव्या फुटीवर बहार घ्यायचा. मामांना मी फोटो पाठवला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो छाटणी कोणत्या डोळ्यावर घेतली याचा. बर्फाबद्दल ते काहीच बोलले नाहीत.

उन्हाळ्यातले एकच काम सांगते, कारण त्यावर सगळे अवलंबून आहे. जूनच्या मध्यावर, उभ्या काडीला पाच-सहा पाने झाली की शेंडा खुडायचा. वाढ थबकते आणि झाडाची ताकद पानांच्या बेचक्यातल्या फळांकडे वळते. खुडताना हातमोजे घालावेत. अंजिराचा चीक कातडीला लागून त्यावर ऊन पडले, तर भाजल्यासारखे फोड येतात आणि त्यांचे डाग महिनोन्‌महिने राहतात. त्यानंतर फळ भराभर वाढते, मग महिना-दीड महिना जणू थिजून जागच्या जागी राहते. नवखी माणसे या काळात धीर सोडून खत ओततात, आणि त्याने फक्त पाने वाढतात. फळ थांबलेले दिसते तेव्हा आत बियांचे काम चाललेले असते. आणि मग एका सकाळी ते दुप्पट झालेले दिसते, दोन दिवसांत रंग चढतो, देठाशी मान लवते, आणि डोळ्यातून मधाचा एक थेंब बाहेर येऊन सुकतो. तो थेंब दिसेपर्यंत फळ तोडू नये. अंजीर तोडल्यावर मऊ पडते, गोड होत नाही.

यंदा पहिले फळ २२ ऑगस्टला मिळाले आणि शेवटचे ११ ऑक्टोबरला. मधल्या काळात पावसाने तीस-चाळीस फळे तडकून आंबली, पण तरीही दोनशेच्या वर हाती लागली. जी हिरवी राहिली, ती गोठण्याच्या आदल्या संध्याकाळी मी काढून आणली, तीन वेळा पाणी बदलून उकडून त्यांचा चीक घालवला आणि लवंग-वेलची घालून साखरेच्या पाकात मुरवली. बरण्या खिडकीत ओळीने उभ्या आहेत. शनिवारी हवा कोरडी राहणार आहे. पाने गोळा करून पोती भरून ठेवली आहेत, जाळी धुऊन वाळवली आहे, आणि छाटलेल्या काड्यांपैकी चौदा काड्या ओल्या कागदात गुंडाळून शीतकपाटात ठेवल्या आहेत. ज्यांना हव्या असतील त्यांनी मार्चच्या पहिल्या आठवड्यात येऊन घेऊन जाव्यात. कुंडी आणि माती आधीच तयार ठेवावी.